मंदी ओसरल्यानंतरची बेकारी आणि शासनाचा आधार

आर्थिक मंदी आली की कारखान्यांची धुराडी थंडावतात, बाजारपेठेतील उलाढाल घटते आणि हातावर पोट असलेल्या माणसाच्या चुलीपर्यंत तिची झळ जाऊन पोहोचते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु मंदी हटू लागली, उत्पादनाचे आकडे पुन्हा वर चढू लागले, म्हणजे बेकारीही त्याच वेगाने नाहीशी होते, असा जो सर्वसाधारण समज आहे तो अनुभवाला धरून नाही. उत्पादन आधी सावरते, रोजगार मागाहून सावरतो. या दोहोंमध्ये जे अंतर पडते ते कधी काही महिन्यांचे, तर कधी काही वर्षांचे असते. श्रमिक कुटुंबाची खरी कसोटी याच काळात लागते. मंदीचे संकट टळले असे सर्वत्र बोलले जात असते, आणि घरातील कर्ता पुरुष किंवा स्त्री मात्र अद्याप कामाच्या शोधात हिंडत असते. अशा वेळी शासनाचा आधार कोणत्या स्वरूपाचा असावा, तो किती काळ टिकावा आणि तो केव्हा आवरता घ्यावा, हे प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे ठरतात.

उत्पादन आधी, रोजगार मागाहून

हे अंतर का पडते, ते एका साध्या उदाहरणावरून लक्षात येईल. इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगाव येथील एखादा यंत्रमाग कारखाना डोळ्यांसमोर आणावा. समजा, त्यात दोन पाळ्यांत मिळून चाळीस कामगार आहेत. कापडाची मागणी घटली तेव्हा मालकाने दुसरी पाळी बंद केली आणि पंधरा कामगारांना घरी बसवले. पुढे व्यापाऱ्याकडून मागणी पुन्हा येऊ लागली, तरी हे पंधरा कामगार दुसऱ्या दिवशी कामावर घेतले जात नाहीत. प्रथम गोदामात पडून असलेले तागे विकले जातात. त्यानंतर कामावर असलेल्या पंचवीस कामगारांकडून जादा तास काम करून घेतले जाते. मागणी टिकाऊ आहे, याची मालकाला खात्री पटावी लागते. सुतासाठी भांडवल उभे राहावे लागते. थकलेल्या कर्जाचे हप्ते मार्गी लागावे लागतात. हे सर्व झाल्यावर दुसरी पाळी सुरू होते, आणि तीही बहुधा थोड्या माणसांनिशी. तोपर्यंत घरी बसलेल्यांपैकी कोणी गावी परतलेला असतो, कोणी भाजीची गाडी लावलेली असते, तर कोणी कर्जाच्या बोजाखाली दबलेला असतो.

याला आणखी दोन कारणांची जोड मिळते. मंदी असो वा तेजी, शाळा-महाविद्यालयांतून दर वर्षी नवे तरुण कामाच्या शोधात बाहेर पडतातच. त्यामुळे उत्पादन पूर्वपदावर आले तरी तेवढ्याने पूर्वीचे बेकार व हे नवे उमेदवार, अशा दोघांनाही काम पुरत नाही. शिवाय जो माणूस जितका अधिक काळ बेकार राहतो, तितका तो कामावर घेतला जाण्याचा संभव कमी होत जातो. हाताची सवय मोडते, यंत्रे बदलतात आणि इतका काळ हा रिकामा का राहिला, असा संशय नोकरी देणाऱ्याच्या मनात डोकावतो. अशा रीतीने मंदीने निर्माण केलेली तात्पुरती बेकारी कायमची होऊन बसण्याचा धोका असतो.

अमेरिकेतील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि अधिकृत निर्णयानुसार जून २००९ मध्ये संपली. परंतु बेकारीचे प्रमाण त्यानंतरही वाढतच राहिले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ते १० टक्क्यांवर पोहोचले. २०१० मध्ये तर बेकारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ कामाविना होते. नोकऱ्यांची एकूण संख्या मंदीपूर्वीच्या पातळीवर येण्यास २०१४ साल उजाडावे लागले. उत्पादनाच्या दृष्टीने मंदी दीड वर्षाची होती. कामगाराच्या दृष्टीने ती सहा वर्षांहून अधिक काळ टिकली.

१९३७ चा धडा

मंदीतून सावरत असताना आधार लवकर काढून घेतला तर काय होते, याचे उदाहरणही त्याच देशाच्या इतिहासात सापडते. १९२९ नंतरच्या महामंदीत, १९३३ साली, अमेरिकेतील जवळजवळ चौथा हिस्सा कामगार बेकार होता. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या शासनाने रस्ते, पूल, शाळा, जलसिंचन व वनीकरण यांची प्रचंड कामे हाती घेतली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन या यंत्रणेने आपल्या कारकिर्दीत सुमारे ८५ लाख लोकांना काम पुरवले. त्याच वर्षी सामाजिक सुरक्षा कायदा होऊन बेकारी विम्याची पद्धतही तेथे रूढ झाली.

१९३७ पर्यंत उत्पादन बरेच सावरले होते. संकट टळले, आता अंदाजपत्रकाचा तोल सांभाळावा, या विचाराने सार्वजनिक कामांवरील खर्चात मोठी कपात करण्यात आली; या कामांवरील मजुरांची संख्याही सुमारे निम्म्यावर आली. त्याच सुमारास मध्यवर्ती बँकेने पतपुरवठाही आवळला. परिणाम असा झाला की वर्षभरात देश पुन्हा मंदीच्या गर्तेत सापडला. १९३७ मध्ये बेकारीचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. १९३८ मध्ये ते सुमारे १९ टक्क्यांवर गेले. अखेरीस १९३८ च्या एप्रिलमध्ये अध्यक्षांना खर्च वाढवण्याची मागणी घेऊन पुन्हा विधिमंडळासमोर जावे लागले. रोगी उठून बसू लागला म्हणून औषध अर्ध्यावर थांबवावे आणि दुखणे उलटावे, तसाच हा प्रकार होता.

साहाय्याचे तीन मार्ग

बेकारीच्या काळात शासन जे साहाय्य करते त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात: असलेली नोकरी टिकवणे, नोकरी गेलेल्यास भत्ता देणे आणि प्रत्यक्ष काम पुरवणे.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण जर्मनीचे होय. तेथे मंदीच्या काळात कारखानदाराने कामगारांना काढून टाकण्याऐवजी सर्वांचेच कामाचे तास कमी करावेत, आणि त्यामुळे घटलेल्या निव्वळ वेतनाचा ६० टक्के भाग, मुले असल्यास ६७ टक्के, सार्वजनिक निधीतून भरून द्यावा, अशी तरतूद आहे. २००९ मध्ये जर्मनीचे उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घटले होते. ही घट अमेरिकेतील घटीपेक्षा मोठी होती. तथापि त्या वर्षी एका टप्प्यावर सुमारे १५ लाख कामगार या व्यवस्थेखाली आले आणि बेकारी अगदी थोडी वाढली. मागणी परतली तेव्हा कारखान्यात कसबी माणसे हजर होती. त्यांना नव्याने शोधावे व शिकवावे लागले नाही. या पद्धतीस मर्यादाही आहेत. ज्या उद्योगाचे दिवसच भरले आहेत, त्यात माणसे अडकवून ठेवणे हिताचे नसते. शिवाय ज्यांची नोंद हजेरीपुस्तकात आहे, त्यांनाच तिचा लाभ मिळतो.

दुसरा प्रकार बेकारभत्त्याचा. आपल्या देशात कर्मचारी राज्य विमा योजनेखालील विमेदार कामगारांसाठी १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. दुसऱ्या योजनेत आरंभी सरासरी वेतनाच्या २५ टक्के इतकी रक्कम ९० दिवसांपर्यंत देण्याची तरतूद होती. २०२० च्या संकटात, ऑगस्ट महिन्यात, हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले आणि नोकरी गेल्यानंतर ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनीच भत्ता मागण्याची मुभा देण्यात आली. कामगाराने मालकामार्फत अर्ज करण्याची अटही सैल करून थेट अर्ज स्वीकारण्यात आले. मालकाने दारे बंद केल्यावर त्याच्याच सहीसाठी कामगाराने कोठे हेलपाटे घालावेत, हा प्रश्न त्यामुळे सुटला. परंतु हाही आधार संघटित क्षेत्रातील विमेदारापुरताच. भारतातील बहुसंख्य श्रमिक शेतमजूर, बिगारी, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया व छोटे कारागीर आहेत. त्यांची नोकरी कोणत्या दिवशी गेली, हे सिद्ध करणारा कागदच नसतो.

म्हणून आपल्यासारख्या देशात तिसरा मार्ग, म्हणजे मागेल त्याला काम देण्याचा मार्ग, अधिक उपयुक्त ठरला. येथे बेकारीचा पुरावा मागावा लागत नाही. अंगमेहनतीच्या कामासाठी माणूस स्वतःहून उभा राहतो, हाच त्याच्या गरजेचा पुरावा असतो.

महाराष्ट्राने घातलेला पाया

या मार्गाचा पाया महाराष्ट्राने घातला, ही गोष्ट राज्यास भूषणावह आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात या प्रयोगास आरंभ झाला. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यात सुरू करण्यात आली, आणि त्याच वेळी राज्यावर भीषण दुष्काळ कोसळला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. खडी फोडणारे हात आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ सांगितल्या जात राहिल्या.

दुष्काळ ही एका अर्थी शेतीची मंदीच होय. पाऊस पडला की पीक येते. परंतु विकलेला बैल, मोडलेला दागिना आणि सावकाराकडे अडकलेली जमीन एका पावसाने परत येत नाही. हे ओळखून दुष्काळ हटल्यानंतरही रोजगार हमीचे तत्त्व टाकून देण्यात आले नाही. उलट १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आणून त्यास कायद्याचे अधिष्ठान देण्यात आले. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, आणि ते न मिळाल्यास भत्ता, हा मजुराचा हक्क ठरला.

पैशाची तजवीजही आधीच करून ठेवण्यात आली. १९७५ च्या अधिनियमान्वये बसवलेला व्यवसाय कर मुख्यत्वे या योजनेच्या खर्चासाठीच होता. संविधानाने त्याची मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठरवली आहे. शिक्षक व कर्मचारी यांच्या वेतनपत्रकात दरमहा दिसणारी ही कपात म्हणजे नियमित पगार असणाऱ्याने पगाराची शाश्वती नसणाऱ्या बांधवासाठी उचललेला वाटा होय, ही जाणीव मात्र काळाच्या ओघात पुसट झाली आहे.

योजनेत दोष नव्हते असे नाही. मजुरी वेळेवर न मिळणे, कामे अर्धवट राहणे, खोटी हजेरी लागणे अशा तक्रारी वेळोवेळी झाल्या. तथापि पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते आणि १९९० नंतरची फळबाग लागवड यांतून गावांच्या पदरी काही कायमचे पडले. पुढे २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो २०० जिल्ह्यांत लागू झाला आणि एप्रिल २००८ पासून संपूर्ण ग्रामीण भारतात त्याचा विस्तार झाला. त्याची प्रेरणा महाराष्ट्राच्या या अनुभवात होती.

२०२० ते २०२२ : एक कसोटी

या व्यवस्थेची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे स्थूल उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेने सुमारे २४ टक्क्यांनी घटले. नागरी भागातील बेकारीचे प्रमाण, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीनुसार, त्या तिमाहीत २१ टक्क्यांच्या जवळपास गेले. मुंबई, पुणे, सुरत अशा शहरांतून लाखो श्रमिक आपापल्या गावांकडे परतले.

अशा वेळी नवा कायदा करण्यास, नवी यंत्रणा उभारण्यास सवड नव्हती. ग्रामीण रोजगार हमीचा कायदा, कामाचे पत्रक, मजुरी बँकेत जमा करण्याची पद्धत आणि ग्रामपंचायतीचे दप्तर हे सर्व आधीच जागेवर होते. मूळ अंदाजपत्रकातील ६१,५०० कोटी रुपयांमध्ये केंद्र शासनाने ४०,००० कोटींची भर घातली. महाराष्ट्रात या कामाची दैनिक मजुरी त्या वर्षी २३८ रुपये होती. २०१९-२० मध्ये देशभरात सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम निर्माण झाले होते. २०२०-२१ मध्ये ते सुमारे ३८९ कोटींवर गेले आणि साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी त्याचा लाभ घेतला.

येथवरची हकिकत संकटकाळातील मदतीची झाली. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. २०२१-२२ मध्ये देशाचे उत्पादन झपाट्याने वाढून मंदीपूर्व पातळीच्या वर गेले. कामाची मागणी आता ओसरेल, असा अंदाज बांधून त्या वर्षासाठी ७३,००० कोटी रुपयांचीच तरतूद करण्यात आली होती. प्रत्यक्षात मागणी फारशी हटली नाही. मनुष्यदिवसांची संख्या सुमारे ३६३ कोटी राहिली आणि तरतूद पुढे ९८,००० कोटींपर्यंत वाढवावी लागली. उत्पादन सावरले होते. मजूर मात्र अद्याप कामाची वाट पाहत होता.

नागरी भागातही हेच चित्र दिसून आले. २०२० च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत उत्पादनाची घसरण थांबली होती. परंतु शहरांतील बेकारी तेव्हा १० टक्क्यांच्या वर होती. आदल्या वर्षीच्या याच तिमाहीत ती ८ टक्क्यांच्या आसपास होती.

याच काळातील एक आकडा सकृद्दर्शनी कोड्यात टाकणारा आहे. जुलै २०२० ते जून २०२१ या वर्षाच्या पाहणीत देशातील बेकारीचे प्रमाण ४.८ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर उतरलेले दिसले. मंदीच्या वर्षात बेकारी घटावी, हे कसे? याचे उत्तर त्याच पाहणीत आहे. २०१८-१९ मध्ये कामकऱ्यांपैकी ४२.५ टक्के लोक शेतीवर होते. २०२०-२१ मध्ये हे प्रमाण ४६.५ टक्के झाले. शहरातून परतलेला तरुण वडिलांच्या तीन एकरांत चौथा हात म्हणून राबू लागला, आणि नोंदवहीत तो कामकरी ठरला. शेतीचे उत्पन्न त्याच्यामुळे वाढले नाही. वाटेकरी मात्र एक वाढला. अर्थशास्त्रात यासच प्रच्छन्न बेकारी म्हणतात. २०२३-२४ मध्येही शेतीवरील लोकांचे प्रमाण ४६ टक्क्यांच्या वरच होते. केवळ बेकारीच्या टक्केवारीवर विसंबून संकट टळले असे मानणे किती फसवे ठरू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

परत कामावर आणण्याचे उपाय

मदतीचा आणखी एक भाग म्हणजे सावरणाऱ्या उद्योगांनी माणसे लवकर कामावर घ्यावीत यासाठी दिलेले उत्तेजन. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत दरमहा १५,००० रुपयांपेक्षा कमी वेतनाच्या नव्या कामगारांचा भविष्य निर्वाह निधीचा हप्ता केंद्र शासनाने दोन वर्षे भरावयाचा होता. एक हजारापर्यंत कामगार असलेल्या आस्थापनांत मालक व कामगार या दोघांचाही वाटा, म्हणजे वेतनाच्या २४ टक्के, शासनाने उचलला. या योजनेतील नोंदणीची मुदत प्रथम ३० जून २०२१ पर्यंत होती. ती पुढे ३१ मार्च २०२२ पर्यंत वाढवण्यात आली. फेरीवाल्यांसाठी जून २०२० पासून १०,००० रुपयांपर्यंत खेळत्या भांडवलाचे कर्ज देणारी प्रधानमंत्री स्वनिधी योजना आणि लहान उद्योगांसाठी शासनाच्या हमीवर तारणाविना कर्ज देणारी योजना यांचा उद्देशही हाच होता. ज्याची हातगाडी बंद पडली त्याला दान नको असते. पहिल्या दिवसाचा माल भरण्यापुरते भांडवल हवे असते.

तथापि शहरी मजुरासाठी ग्रामीण हमीच्या तोडीची व्यवस्था राष्ट्रीय पातळीवर उभी राहिली नाही, ही उणीव या काळात प्रकर्षाने जाणवली. केरळने २०१० पासून नागरी रोजगार हमीची योजना चालवली, आणि राजस्थानने २०२२ मध्ये तशी योजना सुरू केली. ज्या महाराष्ट्रातील जवळजवळ निम्मी लोकसंख्या नागरी भागात राहते, त्या राज्याच्या दृष्टीने हा विषय विचार करण्याजोगा आहे.

आधार केव्हा आवरावा

दीर्घकाळ मदत मिळत राहिली तर माणसे आळशी होतात, शासनाच्या तिजोरीवर बोजा पडतो, शेतीला मजूर मिळत नाहीत, असे आक्षेप नेहमी घेतले जातात. ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. सार्वजनिक पैसा अमर्याद नसतो, आणि मंदीत घेतलेले कर्ज केव्हातरी फेडावे लागतेच. परंतु मदत थांबवण्याचा मुहूर्त पंचांगावरून काढावयाचा की मोजमापावरून, हा खरा प्रश्न आहे.

यासाठी अमेरिकेतील १९७० च्या कायद्याची रीत उद्बोधक आहे. एखाद्या राज्यातील बेकारी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की बेकारभत्त्याची मुदत आपोआप वाढते आणि ती खाली आली की वाढीव मुदत आपोआप संपते. मागणीनुसार काम देणाऱ्या हमी योजनेत तर हा गुण अंगभूतच आहे. शेतात किंवा शहरात अधिक मजुरीचे काम मिळू लागले की मजूर स्वतःच हमीच्या कामावरून निघून जातो. २३८ रुपयांसाठी उन्हात माती खणणारा माणूस ४०० रुपयांचे काम मिळत असता तेथे थांबत नाही. हजेरीपटावरील ही घट म्हणजेच मंदी खऱ्या अर्थाने सरल्याची खूण होय. हजेरीपट भरलेला असताना निधी आटला, तर मात्र मजुरी थकते, कामाची मागणी नोंदवून घेण्यास टाळाटाळ होते आणि हक्क कागदावर राहतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले, पेरणी-कापणीच्या हंगामासाठी वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद झाली आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के अशी ठरली. केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेपलीकडील खर्च राज्याने सोसावयाचा आहे. मंदीच्या काळात एकीकडे कामाची मागणी वाढते आणि त्याच वेळी राज्याचे कर-उत्पन्न घटते, हे ध्यानात घेता अशा दिवसांसाठी चांगल्या वर्षांतच निधी राखून ठेवण्याची निकड या तरतुदीमुळे अधिकच वाढली आहे.

गावपातळीवरील जबाबदारी

मंदी ही जगाच्या बाजारपेठेत जन्मास येते. परंतु तिच्याशी सामना शेवटी गावाच्या चावडीवरच होतो. या दृष्टीने काही गोष्टी ग्रामपंचायत, शाळा आणि तालुका कार्यालय यांच्या हाती आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे कामांची सज्जता. संकट आल्यावर आराखडे करावयास बसले तर काम सुरू होण्यास महिने लागतात आणि घाईने निवडलेली कामे कुचकामी ठरतात. ग्रामसभेने संमत केलेली, तांत्रिक मान्यता मिळालेली पुरेशी कामे नेहमी तयार असली पाहिजेत. गाळाने भरलेला तलाव, फुटलेला बांध, शेतापर्यंत न जाणारा रस्ता यांची यादी सुबत्तेच्या वर्षातही अद्ययावत ठेवावी.

दुसरी गोष्ट मागणीच्या नोंदीची. मजुराने काम मागितले की त्याची लेखी नोंद घेऊन दिनांकासह पोच देणे हे किरकोळ कारकुनी काम नव्हे. त्या पोचेवरच त्याचा हक्क उभा असतो. ‘सध्या काम नाही, पुढच्या आठवड्यात या’ असे तोंडी सांगितले की त्या माणसाची बेकारी शासनाच्या दप्तरात उमटतच नाही, आणि जी बेकारी दप्तरात नाही तिच्यासाठी निधीही येत नाही.

तिसरी गोष्ट मजुरीच्या वक्तशीरपणाची. पंधरा दिवसांची मजुरी दोन महिन्यांनी मिळाली, तर मधल्या काळात घर उधारीवर चालते आणि हाती येणारी रक्कम दुकानदाराच्या वहीत जिरते. मोजमाप व देयक वेळेवर करणाऱ्या अभियंत्याचा व लिपिकाचा वाटा या कामी धोरण ठरवणाऱ्यांहून कमी नाही.

शिक्षकाचे स्थानही महत्त्वाचे आहे. घरातील मिळकत थांबली की आधी वह्या थांबतात, मग मूल धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहू लागते आणि अखेरीस आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघून जाते. गावातील बेकारीची पहिली खूण अनेकदा शाळेच्या हजेरीपटावर दिसते. शिक्षकाने ती वेळीच ग्रामपंचायतीच्या कानावर घातली, तर त्या कुटुंबास गावातच काम देता येते आणि मुलाची शाळाही टिकते. मंदीत बुडालेला कारखाना पुढे पुन्हा उभा राहू शकतो. शाळेतून गळालेले मूल बहुधा परत येत नाही.

मंदी ही अर्थव्यवस्थेत अधूनमधून येणारी आपत्ती आहे आणि ती पुन्हा कधी येईल हे सांगता येत नाही. तिचे चटके कोणाला, किती काळ बसावेत, हे मात्र पुष्कळ अंशी आधी केलेल्या तयारीवर अवलंबून असते. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने हमीचे तत्त्व उचलले आणि २०२० च्या संकटात ते साऱ्या देशाच्या उपयोगी पडले. कायदा, निधी आणि कामांची यादी या तिन्ही गोष्टी संकटापूर्वी तयार असाव्यात, आणि उत्पादनाचा आकडा चढला म्हणून नव्हे, तर शेवटच्या मजुराला काम मिळाले म्हणून आधार आवरता घेतला जावा, हाच या अर्धशतकाच्या अनुभवाचा निष्कर्ष होय.